शाळा सोडल्याचे कारण

मी हाताचा हलका नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

आज मी जळगावात प्राध्यापक आहे, शिक्षणाचं समाजशास्त्र शिकवतो. पोरं शाळा का सोडतात आणि मोठेपणी पुन्हा शिकायला का येतात, यावर माझं सगळं संशोधन. धुळ्याला चर्चासत्र असो की एरंडोलला शिक्षकांचं प्रशिक्षण, गळतीचा विषय निघाला की मला बोलावणं येतं. पण त्याआधी तीन वर्षं मी एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षणसेवक होतो, आणि त्या तीन वर्षांत मी पोरांना गुरासारखं मारलं.

मार मला घरातूनच मिळालेला. भडगावला आमचे वडील एका गॅरेजात मेकॅनिक होते. इंजिनाचा जुना फॅनबेल्ट त्यांनी घरी आणून खुंटीला टांगला होता. पाढा चुकला की बेल्ट, शाईची बाटली सांडली की बेल्ट. आई मध्ये पडली तर तिलाही एक. मला शाळेत घातलं त्या दिवशी ते गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं." गुरुजींनी कातडं मनापासून वापरलं. निरगुडीची ओली छडी असायची त्यांच्याकडे. बोटं टेबलावर पालथी ठेवायला लावायचे आणि नखांवर मारायचे. माझ्या उजव्या करंगळीचं नख तेव्हा काळं पडून गळालं, ते अजून वाकडंच उगवतं.

पुढे मी या नखाचा विनोद केला. बी.एड.च्या वर्गात हात वर करून करंगळी दाखवायची आणि म्हणायचं, "बघा, हे माझं पहिलं प्रमाणपत्र! या छडीनं मला प्राध्यापक केलं बरं का!" हशा, टाळ्या. शिक्षण आणि शिक्षा यावर तासभर बोललेलं पोरं विसरायची, नखाची गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. लोक हसले की माणूस फुशारतो. मी वर्षानुवर्षं फुशारलो.

आता ती गोष्ट.

दिवाळीनंतरचे दिवस होते, कापूस वेचणीचे. वर्ग अर्धा रिकामा. सकाळी केंद्रप्रमुख आले, हजेरीपट पाहिला आणि पोरांसमोर मला म्हणाले, "मास्तर आहात की बाकांचे राखणदार?" पुढच्या बाकावरचं एक पोरगं फिस्कन हसलं. साहेब मोटारसायकलला किक मारून निघून गेले आणि मी रागात दारातच उभा राहिलो. तेवढ्यात ती आली. सातवीतली पोरगी, आठदहा दिवसांनी उगवलेली. केसांत कापसाचे तंतू, बोंडांनी ओरबाडलेली बोटं. "सर, येऊ?" म्हणाली.

"कुठे उलथली होतीस?"

"कापूस येचाले गयथू, सर."

मी हात उगारला तेव्हा तिनं पुस्तकं छातीशी धरली. तोंडापुढे हात धरायला हवा होता, पण तिनं पुस्तकं वाचवली. मी अंगातली सगळी ताकद लावून उजव्या हातानं तिच्या डाव्या कानाखाली मारली. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ती खाली बसली, उठली, पुस्तकं गोळा केली आणि कानावर हात ठेवून जागेवर जाऊन बसली. रडली नाही. मी अपूर्णांक शिकवले. शाळा सुटल्यावर तिच्या बाकावर रक्ताचे चारपाच थेंब दिसले. फळा पुसायच्या फडक्यानं मी ते पुसून टाकले आणि फडकं खिडकीतून बाहेर भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही, पुन्हा कधीच नाही. तिचं घर शाळेपासून दोन गल्ल्या सोडून. मी त्या गल्लीनं जाणं बंद केलं, लांबच्या वाटेनं जायला लागलो. दोनच शिक्षकांची शाळा, लिखापढीचं काम माझ्याकडे. वर्षअखेरीला जनरल रजिस्टर उघडलं. तिच्या नावासमोर 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना होता. त्यात निळ्या शाईनं, माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिलं: सततची गैरहजेरी, शेतीकाम. आणि वर्तणूक या रकान्यात लिहिलं: चांगली.

तिचा बाप पुढच्या वर्षी दाखला न्यायला आला. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पोरीनं तुम्हाला लई तरास दिला, माफी करा." मी म्हटलं, "असू द्या, भाऊ." काय नालायक माणूस होतो मी! 'असू द्या' म्हणालो.

मग मी कॉलेजात लागलो, पीएच.डी. करायला घेतली. विषय: मुलींची गळती. पद्धत काय, तर शाळाशाळांची जनरल रजिस्टरं उघडायची, 'कारण' या रकान्यात काय लिहिलंय ते उतरवायचं आणि मोजायचं. लग्न किती, स्थलांतर किती, शेतीकाम किती. फिरत फिरत मी माझ्या जुन्या शाळेत पोचलो. रजिस्टर तेच, शाई तीच. तिची ओळ आली. हात थांबला का? थांबला असेल क्षणभर. मग ती ओळ उतरवून मी खालच्या ओळीवर गेलो. ती 'शेतीकाम' या गटात मोजली गेली. माझ्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष काय होता, सांगू? कापसाची वेचणी हे मुलींच्या गळतीचं पहिलं कारण. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी पाठ थोपटली, म्हणाले, मूळ नोंदींवर आधारलेलं काम आहे. मूळ नोंदी! चोरानंच पंचनामा लिहिला आणि चोरालाच शाबासकी मिळाली. त्या तालुक्यात माझ्यासारखे मास्तर किती, आणि प्रत्येकानं त्या रकान्यात काय काय लपवलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही, हेही खोटंच. मला विचारायचं नव्हतं.

आता अलीकडचं. आजीवन शिक्षणाच्या एका अभ्यासासाठी मी असोद्याला जायला लागलो. तिथे रविवारी दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. शाळा सुटलेल्या बायका, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होत्या. मी एकेकीची मुलाखत घ्यायचो, मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. ती शेवटची आली. तिशी ओलांडलेली, अंगानं काटक. खुर्ची तिरकी करून, उजवा कान माझ्याकडे करून बसली. मी ओळखलं नाही.

"शाळा कितवीत सोडली, ताई?"

"सातवीत."

"कारण?"

तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला. "तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा, मला या बाजूनं ऐकू येत नाही."

मी वाचायला लागलो. शाळेचं नाव आलं, ते माझ्या जुन्या शाळेचं होतं. कारणाच्या रकान्यापर्यंत पोचलो आणि वाचायचं थांबलो.

"अक्षर तुमनंच शे ना, सर?" ती म्हणाली.

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला. "ऱ्हाऊ द्या चालू," ती म्हणाली. "लोकांचं बरं चालू ठेवता! तुम्हीन माले मारं, तव्हापासून हाऊ कान गया. हे लिहा आता."

मी माफी मागायला लागलो. तिनं मला तोडलं. "माफी घेऊन काय करू? कानात घालू?"

मग तिनं सांगितलं, सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं. महिनाभर कान वाहिला. घरी, तापानं कान वाहतोय म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर घरचे म्हणाले असते, मास्तरनं मारली म्हणजे पोरीचंच काही वाकडं असेल. लग्न होऊन असोद्याला आली. नवरा डाव्या बाजूनं हाक मारायचा, तिला ऐकू यायची नाही. "माजली का, ओ देत नाही?" म्हणून पाठीत लाथ. सासरीही कान तापानं गेला असंच सांगितलेलं. नवऱ्याला वाटायचं, ताप बीप काही नाही, हिची नाटकं आहेत. एकदा चुलीतलं लाकूड मारलं, त्याची खूण कोपरावर होती. ती तिनं मला दाखवली. मी पाहिली. माझी एक थप्पड एवढी वर्षं तिला रोज बसत होती.

"पण मी माझ्यासाठी नाही आली," ती म्हणाली. "पोरासाठी आली."

पोरगा पाचवीत. पंधरा दिवसांपासून शाळेत जात नव्हता. घरून निघायचा आणि केळीच्या बागेत लपून बसायचा. त्याचे सर ठिबक सिंचनाच्या नळीनं मारत. आमच्याकडे ठिबकची काळी नळी बांधाबांधावर पडलेली असते. छडी मोडते, नळी मोडत नाही. वळ बारीक उठतो आणि आठवडाभर राहतो. पोराच्या पोटऱ्यांवर वळ होतेच, परवा कानामागेही एक उठला होता. ती तक्रार घेऊन गेली तर मुख्याध्यापक म्हणाले, पोरगा बागेत कामाला जातो म्हणून येत नाही, तसंच लिहून टाकू.

"सर, ते असं म्हणाले ना, मला तुमचं अक्षर दिसलं," ती म्हणाली. "माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्याची शाळा सुटू नये. गुरुवारी पालकांची सभा आहे. तुम्ही या आणि मी शाळा का सोडली ते सांगा. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

मी "बघतो" म्हणालो आणि निघालो. घरी येईपर्यंत मला तिचा राग आला होता. खरंच आला होता. एवढ्या वर्षांनी उकरून काढायची काय गरज? माझ्या नावाचं काय, प्रबंधाचं काय? खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. गुरुवारी माझं धुळ्याला व्याख्यान होतं. देवानंच सोडवलं, असं वाटलं. तिला निरोपही धाडला नाही.

गुरुवारी सकाळी धुळ्याला निघालो. एरंडोलला चहाला थांबलो आणि व्याख्यानाचे कागद चाळले. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: मुलींच्या गळतीची कारणे. एक, शेतीकाम. कुणी तोंडात मारावी तसं झालं. मी शिक्षणसेवक होतो ते खेडं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी चहा टाकून दिला, धुळ्याला फोन करून तब्येत बिघडली म्हणून सांगितलं, आणि गाडी उलटी वळवली.

असोद्याला पोचलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर सभा भरली होती. पोराचे ते सर पुढे आले आणि वाकून माझ्या पाया पडले. माझाच विद्यार्थी निघाला, बी.एड.ला पहिल्या बाकावर बसणारा! टेबलावर त्याची नळी पडलेली, हातभर लांब, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ केलेली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष केळीवाले एक नाना होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि लोकांना म्हणाले, "बघा, हे सर लहानपणी मार खाऊन मोठे झाले. आजकालच्या पोरांना बोट लावलं की आया भांडायला येतात." सगळे मागे वळून तिच्याकडे बघायला लागले. ती खांबाला टेकून उभी होती. तिचा नवरा पलीकडे पुरुष मंडळींत बसला होता.

"सर, ती नखाची गोष्ट सांगा ना!" माझा विद्यार्थी म्हणाला.

आणि काय सांगू, माझा हात सवयीनं वर गेला. करंगळी ताठ झाली. लोक हसायच्या तयारीत पुढे सरकले. आपण हसे लोकांना अन् शेंबूड आपल्या नाकाला. मी त्या हाताकडे पाहिलं.

"याच हातानं," मी म्हणालो, "मी त्या बाईचा कान फोडला." आणि सगळं सांगितलं. केंद्रप्रमुख, चौकट, रक्त, फडकं, रजिस्टर. "ती शेतीकामामुळे शाळेतून गेली नाही. माझ्या भीतीनं गेली. ते खोटं मी लिहिलं, आणि तेच मोजून मी डॉक्टर झालो."

मग नाना खाकरले. "जाऊ द्या सर, जुनं आहे. तेव्हा सगळेच मारायचे. अन् मारल्याबिगर पोरं वळतात का?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा नवरा उठला, लोकांना ढकलत आला, माझी कॉलर धरली आणि माझ्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. खुर्चीसकट मी आडवा झालो. "माझ्या बायकोला हात लावणारा तू कोण रे?" तो ओरडत होता. माझा विद्यार्थी नळी घेऊन धावला आणि त्याच्या खांद्यावर सपासप मारायला लागला. "सरांवर हात टाकतो? सरांवर?" आणखी तिघे त्याच्यावर तुटून पडले. खिडकीच्या गजांना पोरं लटकली होती, सगळं बघत होती.

तिनं मध्ये उडी घेतली. नळीचा एक फटका तिच्या हातावर बसला, तरी तिनं नळी धरली ती सोडली नाही. "बस करा!" ती किंचाळली. "मारू नका हे सांगायला बोलावलं सरांना, आणि तुम्ही इथं काय मांडलंय?" मग नवऱ्याकडे वळली. "तुम्हीन कमी मारं का माले? हाक ऐकू नहीं येस म्हनीसन रोज मारं! माझा कान फुटलेला, अन् तुम्ही म्हणायचे नाटकं करते!"

नवऱ्याचा हात वरच राहिला. तो पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. माझ्या कानात शीळ वाजत होती. तिला महिनाभर काय झालं असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा थोडंफार कळलं.

तिनं दाखला टेबलावर पालथा ठेवला. "मागं लिहा, सर."

मी लिहिलं: सदर विद्यार्थिनीने शिक्षकाच्या मारहाणीमुळे शाळा सोडली. तिनं बोट फिरवत वाचलं.

"कोणत्या शिक्षकाच्या?"

आयुष्यभर शोधनिबंधांत मी असंच लिहीत आलो. शिक्षक, पालक, विद्यार्थिनी, कुणाचं नाव नाही. मी 'शिक्षकाच्या' पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. तिनं कागद उचलला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. जोडाक्षरांना अडखळत, पुन्हा मागे येऊन, शेवटच्या अक्षरापर्यंत. कुणी हसलं नाही. मग तो मुख्याध्यापकांपुढे धरून म्हणाली, "आता माझ्या पोराचं काय लिहायचं ते इथंच लिहा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर." मुख्याध्यापकांनी दोनदा पेन झटकलं आणि लिहिलं: मारहाणीच्या भीतीने गैरहजर. माझ्या विद्यार्थ्यानं मान खाली घालून सही केली. नळी ती घरी घेऊन गेली. "बागेत लावते," म्हणाली, "पाण्याच्या कामाची आहे."

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं की माझ्या प्रबंधातल्या कारणांच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, आणि त्यातली एक मी स्वतः खोटी लिहिली आहे. सहकारी म्हणाले, भावनेच्या भरात काहीतरी करून बसलात. उत्तर अजून आलेलं नाही. नखाची गोष्ट मी सांगत नाही. बैल गेला नि झोपा केला, हे मलाही कळतं.

पोरगा सोमवारी शाळेत गेला. एका अटीवर गेला, आई बाहेर बसेल तर. तेव्हापासून ती सकाळी घरची कामं उरकून पाचवीच्या वर्गाबाहेर ओट्यावर बसते, मांडीवर दहावीचं पुस्तक, उजवा कान वर्गाच्या दाराकडे. सरांचा आवाज चढला की ती पान उलटायचं थांबते, असं पोरं सांगतात.

मागच्या आठवड्यात मी तिला जुन्या प्रश्नपत्रिका द्यायला गेलो. फाटकातून आत आलो, ओट्याजवळ पोचलो आणि हाक मारली, "ताई." ती पुस्तकात बघत होती. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. तिनं मान वळवली नाही. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो.